बोरवाडी ते चिचेन इत्झा

हणमंतप्पा कोराळे गुरुजींनी फळ्यावर पिरॅमिड काढला आणि तो हेडमास्तरांना चुकलेला दिसला, इथून सगळं बिघडलं.

चित्र चुकलेलं नव्हतं. गुरुजी आठवी ब ला जगातल्या जुन्या संस्कृती शिकवत होते आणि इजिप्त संपवून मेक्सिकोवर आले होते. पाठ्यपुस्तकात मेक्सिको नव्हता. पण पुस्तकात नाही ते शिकवायचंच नाही असं ठरवलं, तर बोरवाडीच्या हायस्कुलात दिवाळीनंतर मास्तरांना हरिपाठच म्हणावा लागला असता. गुरुजींनी पायऱ्यापायऱ्यांचा, वरच्या सपाट माथ्यावर देऊळ असलेला सुरेख पिरॅमिड काढला, खाली ‘माया संस्कृती, मेक्सिको’ असं लिहिलं आणि वळून बघतात तो दारात हेडमास्तर उत्तरेश्वर देशमाने उभे.

“हे काय काढलंय?”

“पिरॅमिड, सर.”

“मग ह्याचं टोक कुठं गेलं?”

“मेक्सिकोतल्या पिरॅमिडांना टोक नसतं, सर. वर देऊळ असतं.”

देशमाने सर गणिताचे. भूमितीत जे बसत नाही ते जगात नाही, असा त्यांचा साधा हिशोब होता. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पोरांकडं बघून हसले आणि म्हणाले, “टोक नसलेला पिरॅमिड म्हणजे कडब्याची गंज! पोरांनो, लिहून घ्या. पिरॅमिड इजिप्तात असतात. मेक्सिकोत नसतात.” आणि डस्टर उचलून त्यांनी अख्खा मेक्सिको पुसून टाकला.

पोरं हसली. पोरांचं काय, हेडमास्तर हसले की हसायचं हे त्यांना बालवाडीपासून शिकवलेलं. पण गुरुजींच्या हातात खडूचा भुगा झाला. गुरुजींचा राग कानांत चढायचा. आधी डावा कान लाल व्हायचा, मग उजवा, आणि दोन्ही एकदम लाल झाले की घरी पार्वतम्मा चुलीजवळचं उलथणंसुद्धा उचलून ठेवायच्या. त्या दिवशी दोन्ही कान पेटले होते.

मधल्या सुट्टीत गुरुजी हेडमास्तरांच्या खोलीत पुस्तक घेऊन गेले. त्यात फोटो होता. देशमाने सरांनी तो लांबूनच बघितला. “पुस्तकात पुष्पक विमानपण असतं, कोराळे. तुम्ही डोळ्यांनी बघितलंय का?”

“नाही.”

“मग झालं तर.”

“बघून येतो!” गुरुजी कडाडले. शिपायानं दचकून घंटाच दिली आणि सुट्टी वेळेआधी संपली. “मेक्सिकोला जातो, त्या पिरॅमिडासमोर उभा राहून फोटो काढतो आणि ह्या तुमच्या भिंतीवर खिळा ठोकून लावतो!”

बोलून गेले. बोललेलं मागं घेणं कोराळ्यांच्या घराण्यात नव्हतं. त्याच पायी त्यांच्या वडिलांनी एकदा भर उन्हात वरातीतून उठून गाव सोडलं होतं, आणि ती वरात त्यांची स्वतःची होती. पण ते असो.

साल दुष्काळाचं. गावाला टँकरनं पाणी, जनावरं छावणीत, आणि अर्धं गाव पाझर तलावाच्या कामावर. अशा दिवसांत एक मास्तर मेक्सिकोला निघाला ही बातमी टँकरच्या रांगेतून जितक्या वेगानं फिरली, तितक्या वेगानं त्या टँकरचं पाणीही कधी फिरलं नाही. आणि फिरता फिरता तिचं जे व्हायचं ते झालं. संध्याकाळी पार्वतम्मा रिकामी घागर आदळत घरात आल्या.

“माया कोण आहे?” त्यांनी विचारलं.

“कोण माया?”

“मला काय विचारता? विठाबाई सांगत होती सगळ्या रांगेला. गुरुजी मायाला बघायला परदेशी निघालेत म्हणून. लई जुनं प्रकरण आहे म्हणं!”

“अगं, जुनी संस्कृती! माया संस्कृती! हजार वर्षांपूर्वी नांदत होती, आता नुसते अवशेष उरलेत.”

“उरले असतील नाही तर काय! हजार वर्षांची बाई!” पार्वतम्मांनी पुढचं कानडीत ऐकवलं. त्या रागावल्या की अक्कलकोटच्या माहेरी जाऊन बोलायच्या, नुसत्या भाषेनं. ते संपेपर्यंत गुरुजींनी शेजारच्या ज्ञानोबाचा ओटा गाठला होता.

ज्ञानोबा सोनकांबळे एष्टीत कंट्रोलर होता. पंचक्रोशीतल्या साऱ्या गाड्यांचं वेळापत्रक त्याला तोंडपाठ. प्रवास म्हटला की ज्ञानोबा, असं गावात समीकरण होतं. गुरुजींनी त्याच्या पुढ्यात नकाशा पसरला.

“जायचं कुठं नेमकं?” ज्ञानोबानं विचारलं.

“चिचेन इत्झा.”

“चिंचोली-इटकळ म्हणताव व्हय? मग ह्यो नकाशा कशाला? मुक्कामी गाडी हाय की.”

“चिचेन इत्झा, ज्ञानोबा! मेक्सिको! मायांचं शहर. आणि तिथून ॲझटेकांची राजधानी.”

“आष्टेकर? आष्टा कासारचे का?”

गुरुजींचा डावा कान लाल झाला. पण गरजवंताला अक्कल नसते आणि चिडायची मुभाही नसते. त्यांनी शांतपणानं नकाशावर बोट ठेवलं. विमानाचं भाडं ऐकून गुरुजींना आधीच घाम फुटला होता, तेव्हा जमिनीवरून जेवढं जाता येईल तेवढं जावं असा त्यांचा बेत होता. ज्ञानोबानं खिशातली पेन्सिल कानामागं खोचली आणि बोरवाडीपासून सुरुवात केली. सोलापूर, मुंबई, दिल्ली, तिथून लाहोर, काबूल, तेहरान. काबुलात लढाई चालू आहे असं गुरुजींनी सांगितल्यावर तो म्हणाला, “मग गाडी बायपासनं काढायची.” असं करत करत ते लंडनला पोचले. तिथं ज्ञानोबाची पेन्सिल थबकली.

“हितनं पुढं काय हाय हे निळं?”

“समुद्र.”

“सगळा?”

“सगळा.”

ज्ञानोबा गंभीर झाला. “मग हिकडनं जाऊ. चीनकडनं.” पेन्सिल उलटी फिरली. चीन झाला, सायबेरिया झाला, आणि वरच्या अंगाला दोन खंड अगदी कानगोष्ट करायला टेकल्यासारखे जवळ आले, ते बघून ज्ञानोबा हरखला. “हे बघा! हितं नाल्याएवढंच पाणी हाय. थंडीत गोठत आसंल की.”

“गोठतं.”

“मग झालं. फकस्त चेन लावाया पाहिजे टायरला. बर्फावर आपली एष्टी घसरंल.”

गुरुजींनी नकाशा गुंडाळला. कान लाल करून घ्यायचे आणि पैसेही वाचवायचे, हे दोन्ही एकदम जमत नाही हे त्यांच्या ध्यानात आलं. विमानानंच जायचं ठरलं. प्रॉव्हिडंट फंड होता, रस्त्याकडेची पडीक पट्टी होती. अपमान झाला तो आपला, तर भाडंही आपणच भरायचं.

पण विमानाआधी पासपोर्ट. मुंबईहून अर्ज आला, त्यात ‘प्रवासाचा हेतू’ असा रकाना होता. गुरुजींनी आधी खरं तेच लिहिलं: ‘हेडमास्तरांना खोटे पाडणे.’ मग ते खोडून ‘अभ्यास’ लिहिलं. अर्ज खाडाखोडीमुळे परत आला. दुसरा अर्ज फोटोत कान दिसत नाहीत म्हणून परत आला. गुरुजींना हा अपमान फार लागला. कारण त्यांचे कान दिसत नाहीत असं आजवर कुणीही म्हणालं नव्हतं.

मग एके सकाळी पोलीस चौकशीसाठी हवालदार दारात आला. गुरुजी शाळेत होते. विठाबाईनं हवालदाराला बघताच गळा काढला, “अगं पार्वतम्मा, मायाच्या माणसांनी फिर्याद केली गं!” गुरुजी धावत घरी येईपर्यंत गल्ली गोळा झाली होती, आणि हवालदार ओट्यावर बसून शेजाऱ्यांना गुरुजींच्या चालचलणुकीबद्दल विचारत होता. शेजारी गुरुजींचं भलं चिंतणारे होते. म्हणूनच जास्त बोलले.

“माणूस लाखात एक,” ज्ञानोबा म्हणाला. “फकस्त तापट हाय.”

“मारझोड?”

“छ्या! खडू मोडत्यात. एकदा छत्री मोडली. लोकांची न्हाय, सोताची.”

“मी तापट नाही!” गुरुजी दारातून असे ओरडले, की हवालदारानं टोपी सावरली आणि मुकाट्यानं ‘तापट’ हा शब्द लिहून त्याखाली रेघ मारली.

त्या रेघेनं घात केला. पासपोर्टाचा कागद कुठंतरी अडकला तो अडकलाच. गुरुजी उस्मानाबादला गेले, तिथं सांगितलं कागद मुंबईला आहे. मुंबईला गेले, तिथं सांगितलं उस्मानाबादला आहे. परतीच्या गाडीत त्यांना वाटलं, माया संस्कृती नाहीशी कशी झाली याबद्दल पंडित उगीच डोकं फोडतात. त्यांनी कुठंतरी अर्ज केला असणार.

इकडं शाळेत देशमाने सर रोज विचारायचे, “काय कोराळे, कधी निघायचं?” आणि पोरांनी फळ्यावर कडब्याची गंज काढून खाली मेक्सिको लिहायला सुरुवात केली होती.

अशात एक दिवस बंडप्पा माळग्यांची जीप गुरुजींच्या दारात थांबली. बंडप्पा म्हणजे सोसायटीचे चेअरमन, दूध संघाचे चेअरमन, शाळा चालवणाऱ्या संस्थेचे चेअरमन. गावात चार माणसं एकत्र बसली की त्यांचे चेअरमन बंडप्पा, मग ती पत्त्यालाही का बसलेली असेनात.

“गुरुजी, तुम्ही म्हणं मेक्सिकोला निघालाव?” बंडप्पांनी बाजेवर बसत विचारलं. “काय हाय तिकडं?”

एवढ्या दिवसांत हा प्रश्न हसल्याशिवाय विचारणारा हा पहिला माणूस. गुरुजींचा बांधच फुटला. त्यांनी पिरॅमिड सांगितले, त्यांच्या पायऱ्या सांगितल्या, घनदाट रानात उभी केलेली शहरं सांगितली. पार्वतम्मांनी आणलेला चहा निवून गेला. आणि बोलता बोलता गुरुजी सहज म्हणाले, “त्या चिचेन इत्झाच्या आसपास मैलोगणती केकताड लावलंय. आपल्या बांधावर असतं ना, दोराला, तेच घायपात. ते मूळचं तिकडचंच.”

बंडप्पांनी निवलेला चहा बशीत ओतायचा थांबवला. “केकताड? पाण्याबिगर येतंय ते?”

“पाण्याशिवाय.”

“दुष्काळात?”

“दुष्काळात.”

बंडप्पांनी चहा तसाच ठेवला आणि जीप गेली. पुढच्या पंधरवड्यात ‘बालाघाट सहकारी केकताड उत्पादक संघ’ उभा राहिला. चेअरमन कोण, ते सांगायला नको. कामावरच्या माणसांनी मजुरीतून शेअर घेतले. रेवणसिद्ध म्हणून एक वयस्कर शेतकरी होता, त्यानं बैलाची झूल विकून शेअर घेतला. बैल छावणीत होता, झुलीचं काय करायचं, असं तो म्हणायचा. आणि संघाचा पहिला ठराव झाला: केकताड लागवडीच्या अभ्यासासाठी मेक्सिको दौरा. मार्गदर्शक, हणमंतप्पा कोराळे गुरुजी.

गुरुजींना गहिवरून आलं. त्यांनी मग जीव टाकून काम केलं. प्रस्ताव लिहिला, विमानं कुठून कुठं बदलायची ते काढलं, वकिलातीला इंग्रजीत पत्रं लिहिली. मंत्रालयात खेटे घालून मंजुरी आणली. बंडप्पांचा पासपोर्ट आला. संचालकांचे आले. त्यांच्यातल्या एकावर सोसायटीच्या गोदामाचा खटला चालू होता, त्याचाही आला; तो तापट नव्हता. गुरुजींचाच तेवढा आला नाही.

निघायच्या आठवड्यात बंडप्पांनी बोलावून घेतलं. “गुरुजी, तुमचा काय पासपोर्ट येईना. जागा कशाला वाया घालवायची? आमच्या ईरण्णाला घेतो.”

ईरण्णा म्हणजे बंडप्पांचा मेहुणा. गुरुजींनीच त्याला शिकवलं होतं, म्हणजे तसा प्रयत्न केला होता. भूगोलाच्या पेपरात त्यानं हिंदी महासागर तुळजापूर तालुक्यात दाखवला होता.

“सगळं मी केलं!” गुरुजींचा आवाज चिरकला. “रस्ता माझा, पत्रं माझी, केकताडसुद्धा माझं!”

“म्हणून तर मार्गदर्शक म्हणालो. मार्ग दाखवणाऱ्यानं मार्गावर कशाला चालाया पाहिजे? पाटी कधी गावाला जाती का?”

गुरुजी घरी आले आणि त्यांनी दुसरी छत्री मोडली. पार्वतम्मांनी मोडकी छत्री उचलली, नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं आणि माया-बिया सगळं विसरून बंडप्पांच्या सात पिढ्यांचा कानडीतून उद्धार केला. गुरुजींना तेवढाच गारवा वाटला. पण अपमानाचा घडा अजून भरायचा होता. दौरा निघाला त्या दिवशी शाळेच्या लेझीम पथकानं निरोप द्यायचा असं फर्मान निघालं, आणि पथक घेऊन कोण जाईल? कोराळे गुरुजी! देशमाने सरांनी मुद्दाम लेखी आदेश काढला. हलगी वाजत होती, बंडप्पा जीपवर हार घालून उभे होते, त्यांच्या शेजारी ईरण्णा गॉगल लावून, आणि गुरुजी धुरळ्यात शिट्टी वाजवत होते. ती शिट्टी त्यांनी अशी वाजवली, की तिच्यातला मणी बाहेर उडून पडला.

महिन्यानं मंडळी परतली. शाळेच्या पटांगणात सत्काराचा मांडव पडला. संघाचे सभासद कामावरून तसेच, पायाला माती लागलेले, येऊन बसले. बायकांच्या बाजूला पार्वतम्मा आणि विठाबाई. व्यासपीठावर बंडप्पा, संचालक आणि ईरण्णा. मधोमध कापडानं झाकलेली मोठी तसबीर. गुरुजींना खुर्ची नव्हती. ते खांबाला टेकून उभे होते.

देशमाने सर भाषणाला उठले. “बंधुभगिनींनो, जगातले थोर पिरॅमिड कुठं आहेत? इजिप्तात आहेत, आणि मेक्सिकोतही आहेत! आपले अध्यक्षसाहेब ते स्वतःच्या डोळ्यांनी बघून आलेत!”

गुरुजी खांबापासून सुटे झाले. ऐकलं ते खरं का? खरंच. भर सभेत, माईकवरून, देशमाने म्हणाले होते की मेक्सिकोत पिरॅमिड आहेत. एवढ्या महिन्यांची जळजळ, त्या दोन छत्र्या, तो धुरळा, सगळं एका घोटात खाली उतरल्यासारखं झालं. न जाता का होईना, गुरुजी जिंकले होते.

बंडप्पांनी दोरी ओढली. कापड खाली पडलं. टाळ्या झाल्या.

तसबिरीत बंडप्पा होते. फेटा बांधून बसलेले. मागं पिरॅमिड होता, टोकदार. सगळीकडं वाळू होती. आणि बंडप्पा बसले होते ते उंटावर.

गुरुजींना क्षणात सगळं कळलं. उंट, मेक्सिकोत? हे गाढव मेक्सिकोला गेलंच नव्हतं. आणि त्याच क्षणात दुसरंही कळलं: आपण गप्प बसलो तर देशमान्यांचं आधीचं म्हणणं कायमचं खोटं पडतं. ह्या उंटाच्या पाठीवर आपलाही विजय बसलेला आहे. पार्वतम्मांनी लांबूनच त्यांचे कान बघितले आणि हळूच मान हलवली, “सुम्ने इरी,” गप्प राहा म्हणून. गुरुजींनी दात आवळले. ते राहिलेही असते गप्प. पण देशमान्यांना थांबायचं कुठं ते कळलं नाही.

“आणि मुलांनो,” ते बोट उंचावून म्हणाले, “लिहून घ्या. कुणी काहीही सांगो. मेक्सिकोतल्या पिरॅमिडांनासुद्धा टोक असतं!”

“नसतं!” गुरुजींचा आवाज कर्ण्याशिवाय पटांगणाच्या पार गेला. “टोक नसतं! हा मेक्सिको नव्हे, हा इजिप्त आहे! मेक्सिकोत उंट नसतात! ही माणसं मेक्सिकोला गेलीच नाहीत!”

बंडप्पा हसायला लागले, पण ते हसू अर्ध्यावर थांबलं, कारण शेजारी ईरण्णा कळवळून म्हणाला आणि माईकनं ते सगळ्यांना ऐकवलं, “दाजी, म्या म्हणलोच हुतो, त्यो उंट काढून टाका म्हणून!”

पुढच्या रांगेतून रेवणसिद्ध उठला. “म्हंजी मेक्सिकोला गेलाच न्हाय तुम्ही?”

“व्हिसा न्हाय दिला त्येंनी,” ईरण्णा म्हणाला. सांगायला लागला की थांबायचं त्याला माहीत नव्हतं. “मग मधीच उतरलाव आमी. मग मुंबईला बारा-पंधरा दिस.”

“आन् केकताड?”

“त्ये कुठलं? खजूर आणलाय.”

मग जे झालं त्याला सभा म्हणता येणार नाही. रेवणसिद्धाच्या मागून सगळा मांडव उठला. आमचे शेअर, आमची मजुरी, आमची झूल, असा एकच कल्ला झाला. खुर्च्या उडाल्या. बंडप्पा हारासकट मागच्या दारानं जीपकडं पळाले, संचालक त्यांच्या मागं, आणि ईरण्णा माईकच्या वायरीत अडकून पडला तो तसाच राहिला. तसबिरीवर कुणीतरी चप्पल मारली, ती नेमकी उंटाला लागली.

आणि तेवढ्यात चौघांनी मिळून गुरुजींना खांद्यावर उचललं.

“कोराळे गुरुजी की जय!” ज्ञानोबा ओरडला. “चेअरमनला उघडं पाडलं पठ्ठ्यानं!”

“मेक्सिकोत पिरॅमिड असत्यात म्हणं!” दुसरा कुणी हसत म्हणाला. “काय बी थापा! बरं झालं गुरुजींनी सांगितलं, मेक्सिकोत पिरॅमिडच न्हाईत म्हणून.”

“अहो!” गुरुजी खांद्यावरून ओरडले. “तसं नाही! मेक्सिकोत आहेत पिरॅमिड!”

पण हलगी सुरू झाली होती. गर्दीतून वाट काढत देशमाने सर पुढं आले. चष्मा तिरका झाला होता, पण चेहरा फुलला होता. त्यांनी वर हात करून गुरुजींचा हात धरला आणि जोरजोरात हलवला. “शाब्बास, कोराळे! मी पहिल्यापासून हेच सांगत होतो. इजिप्तात असतात, मेक्सिकोत नसतात! अखेर तुम्हीच पुरावा दिलात!”

गुरुजींचे दोन्ही कान पळसासारखे फुलले. त्यांनी हात हिसडून सोडवला, खांद्यावरच अर्धे उभे राहिले आणि छातीत होता नव्हता तेवढा वारा भरून गर्जले, “आहेत! मेक्सिकोत पिरॅमिड आहेत! शेकडो आहेत!”

हलगी थांबली. सगळ्यांच्या डोळ्यांत गुरुजींविषयी दया दाटून आली. रेवणसिद्धानं आपला मातीनं भरलेला हात वर करून त्यांच्या गुडघ्यावर ठेवला.

“आता कशाला भिताव, गुरुजी?” तो मायेनं म्हणाला. “त्यो बंडप्पा पळाला. समदा गाव तुमच्या पाठीशी हाय. आता खरं बोलाया काय बी हरकत न्हाय.”